निकाहच्या यादीत एक गोळी

निकाह ठरला की कोल्हापुरात आपल्या घरोघरी याद्या सुरू होतात. हॉल, बिर्याणी, दागिने, कपडे. मी इंजिनिअर, त्यामुळे माझ्या निकाहची तर एक्सेल शीट होती. त्यात फोलिक अॅसिड नव्हतं. बायकोला ती गोळी मिळाली दुसरा महिना संपताना, पहिल्या तपासणीला. नंतर वाचताना कळलं की बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून तयार होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही, तर मणका उघडा राहू शकतो. आमचा मुलगा ठणठणीत आहे, अल्हम्दुलिल्लाह. माझ्या नियोजनाचा त्यात काही वाटा नाही.

या गोळीची गोष्ट मुंबईतूनच सुरू होते. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तिथे आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांचा जीवघेणा रक्तक्षय तिने अभ्यासला. सर्वाधिक प्रमाण गरीब मुस्लिम बायकांत होतं, कारण ताटात भाजी आणि फळं नव्हती. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये छापलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. पुढे १९९१ च्या ब्रिटिश संशोधनात, आधीचं बाळ असा दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रियांत तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण या गोळीने ७२ टक्क्यांनी घटलं.

म्हणून दिवस राहण्याआधीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम. 'अॅनिमिया मुक्त भारत'मध्येही हेच सांगितलंय. दुकानात मात्र ५ मिलिग्रॅमची गोळी पटकन हातात देतात. ती साडेबारा पट. आधीचं बाळ दोषासह जन्मलं असेल तर जास्त डोस लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. आणि गोळी घेऊनही दोष राहू शकतो, तेव्हा आईला बोल लावू नका.

खरी अडचण वेगळीच. नव्या सुनेच्या उशाशी गोळ्यांचं पाकीट दिसलं की खाला, फुप्पी, शेजारीण सगळ्यांना प्रश्न पडतात. काही आजार आहे का? लपवून लग्न केलं का? तिने लाजत मागायची वस्तू नाही ही. नवऱ्याने डॉक्टरला विचारून आणावी, आणि घरात आपणच सांगावं की मी आणलीय.

धाकट्या भावाचा निकाह ईदनंतर आहे. त्याच्या शीटमध्ये मी एक ओळ वाढवली. तो लाल झाला, पण खोडली नाही.