बंब कुणाच्या खात्यात?



हा दिवाळीचा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सिंदेवाही-मूलपासून आरमोरी-वडशापर्यंत हलक्या धानाची कापणी सुरू असेल. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा भरतील, रात्रीच्या नाटकांचे पडदे उघडतील आणि शेतात धानाचे पुंजणे उभे राहतील. वर्षभराची कमाई अशी उघड्यावर असते. तिला एक ठिणगी पुरते. म्हणून यंदा आगीविषयी, खरे तर आग विझवण्याच्या पैशाविषयी लिहितो आहोत.

१९९२ साली संसदेने दोन घटनादुरुस्त्या मंजूर केल्या. नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली, तिच्या १८ विषयांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत इंधन आहे, चारा आहे, ग्रंथालयेही आहेत. अग्निशमन मात्र नाही. जळण्याजोगे सारे गावाकडे आणि विझवण्याची सेवा शहराकडे, अशी ही वाटणी झाली. पैसाही मग त्याच वाटेने गेला.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने अग्निशमन सेवेचे शुल्क बांधकामाशी जोडले. जिथे टोलेजंग इमारती, तिथे वसुली. २०११ साली महानगरपालिका झालेल्या चंद्रपूरला त्याचा काही आधार मिळू शकतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या, कौलारू घरांच्या भामरागड-एटापल्लीच्या नगरपंचायतींनी शुल्क कोणाकडून घ्यायचे? त्यांना जबाबदारी मिळाली, उत्पन्न मिळाले नाही. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. तिथल्या एखाद्या गोठ्याला आग लागली तर जिल्ह्याच्या ठिकाणचा बंब काय कामाचा?

जंगलाचेही तेच. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, पुढे शेकडो गावांना मिळाला. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो. पण जंगल तोडल्याच्या भरपाईचा जो निधी २०१६ च्या कायद्याने राज्यांकडे येतो आणि ज्यातून वणवा नियंत्रणाचा खर्च करता येतो, तो वनखात्याच्या हाती राहतो. राखणारा एक, तिजोरी दुसऱ्याची. हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

पैसा नाही असे नाही. २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आले. खाणीच्या जुन्या पट्टेधारकाने रॉयल्टीखेरीज तिच्या ३० टक्के, लिलावात पट्टा घेतलेल्याने १० टक्के रक्कम त्यात भरायची असते. चंद्रपूरचा कोळसा आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज यांची ही देणी इथल्याच माणसांसाठी आहेत. निदान खाणबाधित तालुक्यांत बंब आणि रुग्णवाहिका यातून उभ्या राहाव्यात. गाडी घेणे सोपे असते, तिला हार घालून फोटोही निघतो. अवघड असतो तो चालकाचा, फायरमनचा पगार आणि दर महिन्याचे डिझेल. तो खर्च निदान दहा वर्षांसाठी गाडीसोबतच मंजूर झाला पाहिजे.

अनुसूची बदलायला दिल्ली लागेल. पण जिल्हा परिषदांचा १९६१ चा कायदा राज्याचा आहे. ग्रामीण अग्निशमनाचे काम त्यात निधीच्या तरतुदीसह घालता येते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी, पक्ष बाजूला ठेवून, मिळून ते विधेयक मांडावे, ही आमची मागणी आहे.