हिरवळीला पाणी, माणसाला टँकर

फाल्गुन-चैत्रात आमच्या माण, खटाव, जत, आटपाडीतल्या विहिरी तळ गाठतात. त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या गोल्फ मैदानांवर गवताची निगा जोरात असते. खळग्याभोवतीच्या बारीक हिरवळीला छिद्रे पाडायची, वाळू पसरायची, खत द्यायचे आणि नवी मुळे धरेपर्यंत पाणी मारत राहायचे. गवताला तहान लागली की फवारा सुरू होतो. माणसाला तहान लागली की टँकरसाठी अर्ज करावा लागतो.

"खेळाशी तुमचे काय वैर?" असे आम्हाला विचारतात. वैर नाही. प्रश्न पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा आहे.

एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात आयपीएलच्या मैदानांना लागणाऱ्या ६० लाख लिटरवर वाद चालला होता. म्हणजे तशा बारा गाड्या! शेवटी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. क्रिकेटला जाब विचारला गेला. गोल्फच्या हिरवळीला कोण विचारणार?

"आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरतो," हे ठरलेले उत्तर. शुद्ध केलेले सांडपाणीही सार्वजनिकच आहे. ते कारखान्यांना, बांधकामांना दिले तर तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी वाचते. ते गवताला द्यायचे हे कोणी ठरवले?

१९०१ साली साताऱ्यात शिकणारा लहानगा भीमराव वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदाईवर रोखपाल होते. वाटेत टोलनाक्यावर पाणी मागितले, मिळाले नाही. शिदोरी सोबत असून मुले उपाशी झोपली. पुढे त्याच भीमरावाने २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तोही हाच ऋतू. महाडचा लढा एका तळ्यापुरता नव्हता. सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून समान हक्क, हा त्याचा गाभा होता.

म्हणून मित्रांनो, मार्चमध्ये महाडला अभिवादन करून थांबू नका. खारघरचे गोल्फ मैदान सिडकोने, म्हणजे सरकारी महामंडळाने उभारले आहे. माहिती अधिकाराचा अर्ज तिथून सुरू करा. मार्च ते मे किती पाणी लागते, ते कुठून येते, काय दराने येते? भर उन्हात गवत कापणारे कामगार कंत्राटी किती, त्यांना किमान वेतन मिळते का?

उत्तरे आली की ती घेऊन जतच्या टँकरच्या रांगेत उभे राहू. हिशेब तिथेच मांडू.

जय भीम!