धर्मपीठाची आज्ञा आणि नागरिकाचा विवेक

कॅथलिक धर्मपीठ श्रमिकांच्या बाजूने बोलले की पुरोगामी मंडळी त्याचा आदराने हवाला देतात. तेच धर्मपीठ संततिनियमनाविरुद्ध बोलले की त्याला प्रतिगामी ठरवून मोकळी होतात. ही सोयीस्कर भूमिका तपासून पाहिली पाहिजे.

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी न्याय्य वेतनाचा आणि कामगारांच्या संघटनेचा पुरस्कार केला. पण त्याच परिपत्रकात समाजवादाचा निषेधही केला. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरविले, तेही आपल्याच आयोगातील बहुमत डावलून. उलट, १९८६ साली अमेरिकेतील बिशपांनी दारिद्र्य व बेकारी यांवर कठोर पत्रक काढले, तेव्हा भांडवलशाहीच्या कैवारी कॅथलिकांनाच धर्मगुरूंचा उपदेश जाचू लागला. निवडक आज्ञाधारकपणा असा उभयपक्षी आहे.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्योमो यांनी १९८४ साली नोत्र दाम विद्यापीठात एक भेद मांडला. गर्भपाताविषयीची चर्चची शिकवण आपण स्वतः मानतो. परंतु अनेक धर्मांच्या समाजात ती सर्वांवर कायद्याने लादावी काय, हा प्रश्न वेगळा आहे, असे त्यांचे म्हणणे. यावर आक्षेप असा की, श्रद्धा खाजगीच ठेवायची तर गुलामगिरीविरुद्ध धर्मनिष्ठांनी आवाज तरी कसा उठवावा? आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर असे की, श्रद्धावंताने सार्वजनिक जीवनात अवश्य बोलावे. मात्र अन्यधर्मीयाला आणि नास्तिकालाही पटू शकतील अशी कारणे द्यावीत. बिशपाची मोहोर हे कारण नव्हे.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. किमान वेतन न्याय्य आहे ते पोपने म्हटले म्हणून नव्हे. तिथे पोपचा अधिकार प्रमाण मानला, तर स्त्रीच्या देहाविषयीची त्यांची आज्ञा नाकारण्याचा नैतिक हक्क आपण गमावतो.

चर्चचा इतिहासही हेच सांगतो. १८६४ साली पोप नववे पायस यांनी उपासनास्वातंत्र्याची कल्पना धिक्कारली होती. १९५० नंतरच्या दशकात त्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारे जेझुइट पंडित जॉन कोर्टनी मरे यांना त्या विषयावर लिहिण्यास वरिष्ठांनी मनाई केली. पुढे १९६५ साली धर्मपरिषदेने धर्मस्वातंत्र्य मान्य केले, आणि त्या जाहीरनाम्याच्या घडणीत मरे यांचा मोठा वाटा होता. कालचा मतभेद असा आजची शिकवण झाला. म्हणून चर्चमध्ये राहून प्रश्न विचारणारा कॅथलिक कार्यकर्ता हा आपला खरा सहकारी होय. त्याला श्रद्धा सोडावयास सांगू नये. आणि पोपचे परिपत्रक दाखवून त्याला जिंकूही पाहू नये.