समुद्रात नसलेलं इंधन

फ्यूजनची बातमी आली की आमच्या मित्रमंडळात एक वाक्य हमखास फिरतं. "इंधन काय, समुद्राच्या पाण्यातून! अमर्याद!" डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरच्या २.०५ मेगाज्यूलच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल मिळाले, तेव्हाही हेच. प्रयोग थोर होता, वादच नाही. पण समुद्रातल्या इंधनाची गोष्ट चक्क अर्धी थाप आहे. आणि अर्धी थाप जास्त पचते.

ज्या फ्यूजनवर आज बहुतेकांची भिस्त आहे, त्याला हायड्रोजनची दोन भावंडं लागतात. पहिलं ड्यूटेरियम. ते स्थिर असतं, आणि पाण्यात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक सापडतं. हवं तेवढं घ्या. दुसरं ट्रिटियम. इथे गाडी अडते. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. त्याच्यातला एक न्यूट्रॉन इलेक्ट्रॉन बाहेर टाकून प्रोटॉन बनतो आणि आपल्या हाती उरतो हीलियम-३. कुलपात ठेवलं तरी दरसाल साडेपाच टक्के माल गायब! थंड करा, दाबून भरा, काही फरक पडत नाही. निसर्गात वैश्विक किरणांमुळे थोडं बनतं, पण ते गोळा करायचा विचारही करू नका.

मग येतं कुठून? जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधून. तिथे ड्यूटेरियम एक न्यूट्रॉन गिळतं आणि ट्रिटियम होतं. कॅनडात डार्लिंग्टनला ते वेगळं काढतात. म्हणजे "अणुभट्ट्या नकोत, फ्यूजन हवं" म्हणणाऱ्यांच्या स्वप्नाचं इंधन अणुभट्टीतच तयार होतंय. आहे की नाही गंमत?

आता हिशोब. १ गिगावॅट फ्यूजन शक्तीची भट्टी वर्षभर सलग चालली तर ५५ किलोच्या आसपास ट्रिटियम खाईल. जगातला नागरी साठा पंचवीसेक किलोचा. एका भट्टीला सहा महिनेसुद्धा पुरणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "लिथियमपासून भट्टीतच बनवू." तत्त्व बरोबर आहे. पण एक ट्रिटियम जळलं की एकच न्यूट्रॉन मिळतो, आणि त्यातले काही वाटेत वाया जातात. म्हणून बेरिलियम किंवा शिसं वापरून न्यूट्रॉन वाढवावे लागतात. स्वतःला लागणारं सगळं ट्रिटियम स्वतः बनवणारी भट्टी आजवर एकही चाललेली नाही. एकही.

फ्रान्समधल्या ज्या 'ईटर' प्रकल्पात भारतही भागीदार आहे, त्याच्या २०२४ च्या नव्या वेळापत्रकात ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ वर गेले. २०२४ मध्ये बाजूला ठेवलेल्या १० किलो ट्रिटियमचे तोवर ४.३ किलो राहतील. आपण आयटीवाले डेडलाइन पुढे ढकलण्यात पटाईत. क्लायंट ओरडतो, पण थांबतो. अर्धायुष्य थांबत नाही, त्याला एक्स्टेन्शनची मेल पाठवता येत नाही.

संशोधन जरूर व्हावं, पैसाही मिळावा. राग आहे तो "फ्यूजन येतंच आहे, मग सोलर आणि अणुऊर्जेवर कशाला खर्च?" या आळसावर. आजची वीज आजच्या साधनांनीच बनवावी लागणार.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी समुद्र दाखवला, तर एवढंच विचारा: ट्रिटियम कुठून आणणार? असो. चहा गार झाला.