आठ वर्षे द्या, आणि आत्ताच द्या!

मॉन्ट्रियलमधील समस्त मराठी हॉकीवेड्यांना जाहीर पत्रक
सप्टेंबर 2025



यंदा गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत वाद पेटला. विषय आपला बचावपटू लेन हट्सन. कॅनेडियन्सने त्याच्याशी आत्ताच 8 वर्षांचा करार करावा, की आधी दोन-तीन वर्षांचा छोटा करार करून ‘अजून थोडे पाहावे’? रांगेतल्या बहुसंख्यांचे मत पडले, थोडे पाहावे. एका काकांनी तर म्हणच ऐकवली: पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. काकांविषयी आदर आहे, त्यांच्या हातच्या मोदकांविषयी तर फारच. पण म्हण चुकीच्या ठिकाणी लागली, म्हणून हे पत्रक.

ही म्हैस पाण्यात नाही. गेल्या मोसमात ती 82 च्या 82 सामने आपल्या डोळ्यांसमोर उभी होती. 6 गोल, 60 असिस्ट, एकूण 66 गुण. या संघाच्या पहिल्या मोसमातल्या बचावपटूंमध्ये ख्रिस चेलिओसचा 64 गुणांचा विक्रम होता, तो मोडला. असिस्टमध्ये लॅरी मर्फीच्या लीगभरातल्या विक्रमाशी बरोबरी झाली. नवख्यांसाठीची कॅल्डर ट्रॉफी या शहरात 1972 मध्ये केन ड्रायडनने आणली होती. त्यानंतर आणणारा पहिला हाच. वय 21. आणखी काय पाहायचे राहिले आहे?

‘उंची पाहा!’ असे उत्तर येते. पाच फूट नऊ इंच. हीच उंची 2022 च्या जुलैत आपल्याच बेल सेंटरमध्ये झालेल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांनी पाहिली, आणि त्याचे नाव यायला 62 वा क्रमांक उजाडला. त्याआधी खुद्द मॉन्ट्रियलने तीनदा दुसऱ्याचे नाव पुकारले होते. उंची मोजून झालेली चूक एकदा माफ आहे. बचाव म्हणजे केवळ अंगावर जाऊन माणूस पाडणे नव्हे. चकती आपल्या स्टिकवर असली की समोरच्याला गोल करता येत नाही, हाही बचावच. निळ्या रेषेवर आडवा सरकत, खांद्याचा एक हिसका देऊन तो समोरच्याला भलत्याच दिशेला पाठवतो, तेव्हा आपला गोलरक्षक तेवढाच वेळ निवांत असतो. हे कोणाला पटत नसेल तर त्याने प्रशिक्षकाच्या जागी उभ्या असलेल्या मार्टिन सँ-लुईला विचारावे. बुटका म्हणून त्याला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

आता मुद्द्याचे बोलू, म्हणजे पैशाचे. छोट्या कराराला इकडे ‘ब्रिज’ म्हणतात. आपण त्याला भिजत घोंगडे म्हणू. हे घोंगडे याच शहरात, याच संघाने एकदा भिजत ठेवले होते, आणि त्याचा हिशेब अजून कोणी नीट मांडत नाही.

2012 चा उन्हाळा आठवा. ओटावाकडे एरिक कार्लसन, आपल्याकडे पी. के. सुब्बान. दोघेही तरुण, दोघेही आक्रमक बचावपटू, दोघांचाही पहिला करार संपलेला. कार्लसनने 78 गुण केले आणि त्याच उन्हाळ्यात सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेतली. ओटावाने घासाघीस न करता जूनमध्येच 7 वर्षांचे 4 कोटी 55 लाख डॉलर मोजले. वर्षाला 65 लाख. मॉन्ट्रियलचे नवे जनरल मॅनेजर मार्क बर्जव्हँ यांनी मात्र सुब्बानला ताटकळत ठेवले. गंमत म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी मॅक्स पॅचिओरेट्टीला 6 वर्षांचा करार दिला, वर्षाला 45 लाखांचा, आणि पुढे तो लीगमधल्या स्वस्त सौद्यांत गणला गेला. म्हणजे लांब कराराचे गणित त्यांना येत होते! सुब्बानच्याच बाबतीत ते कुठे गेले? लीगमधला लॉकआउट संपला, मोसम सुरू झाला, पहिले चार सामने सुब्बान घरी बसून होता. अखेर जानेवारी 2013 मध्ये सही झाली: 2 वर्षे, मिळून 57 लाख 50 हजार. त्याच्या हातात तेव्हा फारसे पत्ते नव्हते. संघाने पिळले, त्याने पिळून घेतले.

आणि त्याच मोसमात 42 सामन्यांत 38 गुण करून त्याने नॉरिस ट्रॉफी उचलली.

2014 च्या ऑगस्टमध्ये पत्ते त्याच्या हातात होते. प्रकरण लवादापुढे गेले. आपल्याच संघाने आपल्याच सर्वोत्तम खेळाडूचे दोष त्याच्या तोंडावर वाचून दाखवण्याची ती जागा. दुसऱ्याच दिवशी 8 वर्षांचे 7 कोटी 20 लाख देऊन सुटका करून घ्यावी लागली. वर्षाला 90 लाख.

वहीत मांडा. 2012-13 पासूनचे सात मोसम घ्या. करारावरच्या आकड्यांनुसार कार्लसनचे 4 कोटी 55 लाख. सुब्बानचे आधी साडेसत्तावन्न लाख, मग पाच वर्षांचे साडेचार कोटी, एकूण 5 कोटी साडेसात लाख. नॉरिस आधीच खिशात असलेला खेळाडू ओटावाला साडेबावन्न लाखांनी स्वस्त पडला. काटकसर केली ती मॉन्ट्रियलने! पुण्यात ज्यांनी बुकिंगच्या भावात फ्लॅट घेतला आणि ज्यांनी ‘आधी इमारत उभी राहू दे’ म्हणत पझेशनच्या भावात घेतला, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

बुकिंगमध्ये धोका असतो, हे आम्हाला मान्य आहे. कार्लसनच्याच बाबतीत सहीनंतर आठ महिन्यांत, फेब्रुवारी 2013 मध्ये, प्रतिस्पर्ध्याच्या स्केटचे पाते लागून टाचेची शीर कापली गेली. ओटावाच्या कार्यालयात त्या रात्री कोणाला झोप लागली नसेल. पण तो त्याच मोसमात परतला आणि 2015 मध्ये पुन्हा नॉरिस घेऊन गेला. बावीस वर्षांचे शरीर सावरते. धोका खरा कुठे असतो तो पाहायचा तर याच कार्लसनचा पुढचा करार पाहा: 2019 मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, सॅन होजेने दिलेली 8 वर्षे आणि 9 कोटी 20 लाख. 2023 मध्ये 101 गुणांचा झगमगता मोसम त्यांना मिळाला खरा, पण त्या करारात त्यांनी एकदाही प्लेऑफ पाहिला नाही, आणि शेवटी तो पिट्सबर्गला गेला. सुब्बानच्या मोठ्या कराराची अखेरची वर्षेही जड गेली. तोवर तो नॅशविलकडे गेला होता, त्यांनी त्याला न्यू जर्सीकडे सोपवले आणि करार संपताच तो निवृत्त झाला. लोक याचा अर्थ ‘लांब करार वाईट’ असा लावतात. आम्ही म्हणतो, जन्मतारीख पाहा. हट्सनचा सध्याचा करार 2026 च्या उन्हाळ्यात संपतो. तिथून 8 वर्षे म्हणजे 2034. तेव्हा तो तीस वर्षांचा असेल. जिथून जडपणा सुरू होतो, तिथे आपला करार संपतो. ब्रिज करून दोन-तीन वर्षे घालवलीत, तर मोठा करार उशिरा सुरू होऊन नेमका उताराच्या वर्षांत शिरतो. शिवाय नव्या कामगार करारानुसार पुढच्या सप्टेंबरपासून आपल्याच खेळाडूलाही 7 वर्षांपेक्षा जास्त देता येणार नाही.

आणि सहा वर्षांचा मधला मार्गही आम्हाला सुचवू नका. व्हँकुव्हरने 2021 मध्ये क्विन ह्यूजला 6 वर्षे दिली, वर्षाला 78 लाख 50 हजार. तो कर्णधार झाला, 92 गुण केले, नॉरिस घेतली. करार 2027 मध्ये संपतो, तेव्हा तो 27 वर्षांचा आणि कुठेही जायला मोकळा. तिकडच्या लोकांच्या पोटात आत्तापासून गोळा आला आहे. दोन वर्षे अधिक लिहून घेतली असती तर?

राहिला सर्वांत लाडका आक्षेप: कर्णधार निक सुझुकीला 78 लाख 75 हजार, मग या पोराला त्याहून जास्त कसे? हा आक्षेप घरातल्या मानपानाचा आहे, हिशेबाचा नाही. सुझुकीचा करार 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा प्रत्येक संघाची वेतनमर्यादा 8 कोटी 25 लाख होती. म्हणजे त्याचा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. हट्सनचा नवा करार सुरू होईल त्या 2026-27 मोसमासाठी लीगने मर्यादा जाहीर केली आहे 10 कोटी 40 लाख, त्यापुढच्या वर्षी 11 कोटी 35 लाख. सुझुकीचाच वाटा लावला तर हट्सनचे होतात 99 लाख. त्याला 90 लाख दिले तरी तो कर्णधारापेक्षा स्वस्तच. शिवाय याच जूनमध्ये बचावपटू नोआ डॉब्सनला बाहेरून आणून 95 लाखांप्रमाणे 8 वर्षे दिलीच आहेत की! पाहुण्याला ताट आणि घरच्याला वाटी, हा कुठला न्याय?

जनरल मॅनेजर केंट ह्यूज यांनी आपल्याच तरुण खेळाडूंपैकी कॉफील्डला 8 वर्षे दिली, स्लाफकोव्हस्कीला 8 वर्षे दिली. स्लाफकोव्हस्कीने तेव्हा जेवढे दाखवले होते, त्यापेक्षा हट्सनने जास्त दाखवले आहे. तेव्हा सराव शिबिराची दारे उघडण्याआधी कागद समोर ठेवा. एक-दोन लाख इकडे तिकडे होतील, होऊ द्यात. शिबिराच्या पहिल्या दिवशी पत्रकारांनी त्या मुलाला कराराऐवजी पॉवर प्लेविषयी विचारावे, एवढीच आमची मागणी.

रेडिओवर फोन करणाऱ्यांनी पाठीमागचा हिशेबाचा तक्ता जवळ ठेवावा, बोलताना आकडा चुकू नये. फ्रेंच प्रत तयार आहे, शेजारच्या बाई व्याकरण तपासत आहेत. हे पत्रक वाचून झाले की घडी घालून पुढच्याला द्या, ल्युसियाँ-लालिए स्टेशनच्या फरशीवर टाकू नका. काकांना एक प्रत आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत.

आपले,
बेल सेंटरच्या सगळ्यांत वरच्या रांगेतले काही सोबती