भिवंडीची चटई

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबई दंगलींनी पेटली होती, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने नऊशे माणसं मेली. आणि शेजारची भिवंडी? १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेलं हे यंत्रमागांचं गाव त्या दिवसांत शांत राहिलं. श्रेय जातं मोहल्ला कमिट्यांना. गंमत अशी की, ही कल्पना पोलिसांना कंटाळलेल्या कुणा कार्यकर्त्याची नव्हे, तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांची. गल्लोगल्ली हिंदू-मुसलमान एका चटईवर बसवायचे, तेही नेहमीचे खादीधारी पुढारी नव्हेत. साधी, रोज हातावर पोट असलेली माणसं. विषयही साधेच, नळाचं भांडण, नवराबायकोची कुरबुर, तुंबलेलं गटार. दंगलीआधी अफवा येते, आणि अफवा खोटी ठरवायला ओळखीचा माणूसच लागतो. तो बंदुकीने तयार होत नाही, वर्षभर चहा पाजावा लागतो. वरिष्ठांना हा चहा फारसा मानवला नसावा, कारण अधिकारी बदलला की बैठका सैल पडतात, हा आपला जुना सरकारी रिवाज. २००६ मध्ये याच भिवंडीत पुन्हा रक्त सांडलं. पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, जमावाने दोन पोलिसांना मारलं. वाद कशाचा होता? कब्रस्तानालगतच्या जागेवर नवं पोलीस ठाणं बांधण्याचा.