चर्चा न झालेला निकाल

खुनाच्या खटल्याचा निकाल लागला की दोन-तीन दिवस सगळीकडे शिक्षेच्या मापाची चर्चा होते. फाशी झाली तर पेढे वाटले जातात, जन्मठेप झाली तर मोर्चे निघतात. 20 जानेवारी 2025 रोजी सियालदहच्या सत्र न्यायालयाने कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील बलात्कार व खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली, तेव्हा हेच घडले. लोक चिडले आणि राज्य सरकारही फाशीची मागणी घेऊन उच्च न्यायालयात गेले. या संतापाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ज्या समाजाला खुनाची चीड येत नाही, त्या समाजात फौजदारी न्यायालये चालणार तरी कशाच्या बळावर? पण रोज त्या न्यायालयांत उभे राहणाऱ्या सरकारी वकिलांनी, बचावाच्या वकिलांनी आणि तपास अधिकाऱ्यांनी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हिंसक गुन्हेगार पुन्हा रस्त्यावर येतो तो बहुतेक वेळा शिक्षा कमी पडल्यामुळे नव्हे. तो येतो जामीन अर्जावरच्या पाच-दहा मिनिटांच्या सुनावणीतून, किंवा साक्षीदार फितूर होऊन सुटलेल्या खटल्यातून. त्या वेळी कोर्टाबाहेर गर्दी नसते, कॅमेरेही नसतात.

उत्तर प्रदेशातला गुंड विकास दुबे याचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. ऑक्टोबर 2001 मध्ये कानपूर देहात जिल्ह्यातल्या शिवली पोलीस ठाण्याच्या आत राज्यमंत्रिपदाचा दर्जा असलेले संतोष शुक्ला यांचा खून झाला. गुन्ह्याची जागाच पोलीस ठाणे, म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार पोलीस. तरीही खटल्यात साक्षीदार फिरले, त्यांत पोलीसही होते, आणि दुबे निर्दोष सुटला. त्या निकालावर देशात कुठे मेणबत्त्या पेटल्या नाहीत. पुढे गुन्हे वाढत गेले, साठाच्या वर गेले, आणि हा माणूस जामिनावर मोकळाच राहिला. 2 जुलै 2020 च्या रात्री बिकरू गावात त्याला पकडायला गेलेल्या पथकावर गोळीबार झाला आणि आठ पोलीस मारले गेले. आठवडाभरात तो स्वतःही पोलिसांच्या गोळीने मेला. 20 जुलैला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी, एवढे गुन्हे डोक्यावर असलेल्या माणसाला जामीन मिळतो हे संस्थेचेच अपयश आहे, अशा अर्थाचे कठोर शब्द वापरले. संस्थेचे अपयश म्हटले की दोष कुणा एकाचा उरत नाही. म्हणूनच तो आपण आपल्या टेबलावर ओढून घेतला पाहिजे.

आपल्याकडच्या कुठल्याही तालुका न्यायालयात जामीन अर्जावर पोलिसांचा जो ‘से’ (लेखी म्हणणे) येतो, तो एकदा परक्याच्या नजरेने वाचून पाहावा. एक किंवा दीड पान. आरोपीला जामिनावर सोडल्यास तो फिर्यादी व साक्षीदारांवर दबाव आणील, पुरावा नष्ट करील, फरार होईल, सबब जामीन देऊ नये ही विनंती. मोबाइलचोरीच्या गुन्ह्यात हीच वाक्ये, खुनाच्या प्रयत्नातही हीच. आरोपी ‘सराईत’ असेल तर खाली गुन्हा रजिस्टर क्रमांकांची माळ असते: पोलीस ठाणे, वर्ष, कलमे. त्यांपैकी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली, कशात तो सुटला, कुठला खटला साक्षीपुराव्यावर आहे, कशात आधीच जामीन आहे आणि त्या जामिनाच्या अटी काय होत्या, यातले काहीही त्यात नसते. आरोपी आधीच्या गुन्ह्यात जामिनावर असतानाच नवा गुन्हा घडला, ही सगळ्यांत महत्त्वाची बाब दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसते. पण त्या तारखा लिहिलेल्याच नसतात. मग न्यायाधीशांच्या हाती उरते ती एक यादी आणि एक विशेषण. विशेषणावर कुणाचे स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. असा जामीन मंजूर झाला तर त्याचे खापर न्यायाधीशांवर फोडणे अन्यायाचे आहे.

कायद्यात यासाठी जागा नाही असे मुळीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये, आधी मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला दखलपात्र गुन्ह्यात जामीन देण्यावर निर्बंध आहे. जुन्या संहितेच्या कलम 437 मध्येही तो होता. मात्र तो दोषसिद्धीला लागू आहे, प्रलंबित गुन्ह्यांना नाही, आणि प्रलंबित गुन्ह्यांची लांब यादी असलेल्यांचा वावर याच फटीतून होतो. प्रलंबित गुन्ह्यांचे वजन न्यायालयाच्या विवेकावर सोडलेले आहे आणि तो कसा वापरावा हे न्यायनिर्णयांनी सांगितले आहे. नीरू यादव (2014) प्रकरणात सहआरोपीला जामीन मिळाला म्हणून पॅरिटीच्या मुद्द्यावर दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण आरोपीच्या पूर्वेतिहासाकडे उच्च न्यायालयाने पाहिलेच नव्हते. उलट मौलाना आमिर रशादी (2012) प्रकरणात, फक्त पूर्वीचे गुन्हे आहेत एवढ्यावर जामीन नाकारता येणार नाही, असेही याच न्यायालयाने म्हटले. या दोन्ही निर्णयांत विसंगती नाही. पूर्वेतिहास पाहा, पण तपशिलाने पाहा, एवढाच दोहोंचा मिळून अर्थ. 2025 च्या मुन्नेश प्रकरणात आरोपीने आपल्यावरचे गुन्हे दडवल्याचे उघड झाल्यावर, जामिनासाठी सर्वोच्च न्यायालयात येणाऱ्याने पूर्वेतिहास याचिकेच्या सुरुवातीलाच सांगावा, असा आदेश झाला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला असा आदेश काढावा लागतो, यावरून खालच्या न्यायालयांत काय चालत असेल याचा अंदाज यावा.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: एवढे कशाला, कायदाच कडक करा, हिंसक गुन्ह्यात जामीनच नको. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने हा मार्ग चालून पाहिला आहे. 20 जानेवारी 2017 रोजी मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर एका माणसाने पादचाऱ्यांवर गाडी घातली. सहा जण मेले. सहाच दिवस आधी, पोलिसांचा विरोध असताना, त्याला जामीन मिळाला होता. शहर हादरले. 2018 मध्ये जामीन कायदा कडक झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ज्यूरीने त्याला सहा खुनांसाठी दोषी ठरवले. पण कडक कायद्याचा दणका कुणाला बसला? किरकोळ गुन्हे पुन्हा पुन्हा करणाऱ्या गरिबांना, आणि त्यांतही तिथल्या आदिवासी स्त्रियांना. 2 जानेवारी 2020 रोजी अशी एक सदतीस वर्षांची स्त्री तुरुंगात मेली. दुकानातल्या चोरीसारख्या आरोपांत तिचा जामीन नाकारला गेला होता आणि त्या सुनावणीत तिची बाजू मांडायला वकील नव्हता, ती स्वतःच बोलली होती. 2023 मध्ये मृत्युचौकशी न्यायाधीशांनी 2018 चे बदल हा संपूर्ण अनर्थ असल्याचा ठपका ठेवला. 2024 मध्ये कायदा सैल झाला, 2025 मध्ये पुन्हा आवळला गेला. आपल्याकडे तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. जामीन सरसकट अवघड केला तर या आकड्यात भर पडेल ती प्रामुख्याने हमीदार न मिळणाऱ्यांची. दुबेसारख्याला वकीलही मिळतो आणि हमीदारही.

दुसरा आक्षेप बचावाच्या बाकावरून येतो आणि तो आम्हाला अधिक गंभीर वाटतो. पूर्वेतिहास म्हणजे पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे. आणि ते कुणावर सहज नोंदवले जातात हे महाराष्ट्रात सांगण्याची गरज नाही. 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या पारधी व इतर जमाती 1952 मध्ये विमुक्त झाल्या, पण ठाण्याच्या नोंदवहीतून अजून पुरत्या सुटलेल्या नाहीत. सुकन्या शांता प्रकरणात 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या या वृत्तीवरच बोट ठेवले. आक्षेप शंभर टक्के खरा आहे, पण त्याचे उत्तर पूर्वेतिहास झाकण्यात नाही. प्रत्येक गुन्ह्याचा टप्पा लिहिला की संशयावरून दाखल झालेले आणि पुढे निर्दोष सुटलेले गुन्हे आपोआप वेगळे पडतात. दहा गुन्ह्यांच्या यादीत आठ निर्दोष मुक्तता दिसल्या तर न्यायाधीशांचे मत आरोपीच्या बाजूने झुकेल. एका जामिनावर असताना दुसरा आणि दुसऱ्यावर असताना तिसरा प्राणघातक हल्ला दिसला तर ते विरुद्ध जाईल. संपूर्ण माहितीला भिण्याचे कारण निरपराध माणसाला नाही. तेव्हा बचावाच्या वकिलांनीही अर्जात सगळे गुन्हे स्वतःहून, टप्प्यासह लिहावेत.

कामाचा बोजा हे तिसरे कारण पुढे येईल. ते खोटे नाही. एकाच दिवशी बोर्डावर पंधरा जामीन अर्ज आणि शेजारी साक्षीपुरावा, अशा अवस्थेत सरकारी वकील प्रत्येक अर्जाची मुळे कशी खणणार? पण पोलिसांच्या सीसीटीएनएस आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रणालीवर यातली बरीच माहिती आज उपलब्ध आहे. प्रश्न ती एका तक्त्यात आणून अर्जाला जोडण्याचा आहे, आणि ते काम पैरवी अधिकाऱ्यांकडे नेमून देता येते. निदान खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, दरोडा आणि जबर दुखापत या गुन्ह्यांपुरता तरी असा तक्ता नसेल तर सरकारी वकिलांनी ‘से’ परत पाठवावा आणि वेळ मागून घ्यावा. एक तारीख पुढे गेली तरी चालेल, अर्धवट माहितीवर युक्तिवाद नको.

असे केले नाही तर काय होते, ते 6 डिसेंबर 2019 या एका दिवसात दिसले. त्या पहाटे हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. त्याच रात्री दिल्लीच्या रुग्णालयात उन्नावची एक तरुणी मेली. आदल्या दिवशी ती खटल्याच्या कामासाठी रेल्वे स्थानकाकडे निघाली असताना तिला पेटवून दिले गेले होते, आणि त्याबद्दल अटक झालेल्यांत तिच्यावरील बलात्काराचा, नुकताच जामिनावर सुटलेला आरोपी होता. उन्नावसारख्या घटनांच्या रागातून हैदराबादच्या गोळीबाराचा आनंद झाला, हे समजण्यासारखे आहे. पण नागपूरचे माजी न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाने पुढे निष्कर्ष काढला की हैदराबादच्या आरोपींवर जीव घेण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. कोर्टात होणाऱ्या जामिनाच्या सुनावणीवरचा लोकांचा विश्वास उडाला की ते बंदुकीकडे वळतात.

उन्नावच्या प्रकरणात आणखी एक धागा आहे, आणि तो जामीन मिळाल्यानंतरचा आहे. कलम 480 नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत जामीन देताना, तशाच स्वरूपाचा गुन्हा पुन्हा करणार नाही आणि साक्षीदारांना धमकावणार नाही, या अटी घालणे बंधनकारक आहे. ‘दर रविवारी दहा ते बारा ठाण्यात हजेरी’ ही अट तर आपण रोज लिहितो. पण हजेरीचे रजिस्टर ठाण्यातच राहते, गैरहजेरी कोर्टाला कळत नाही, आणि नवा गुन्हा दुसऱ्या ठाण्यात दाखल झाला तर जुन्या खटल्याच्या सरकारी वकिलांना तो वर्तमानपत्रातून समजतो. जामीन रद्द करण्याचे अधिकार संहितेत आहेत, अर्जच होत नाहीत. प्रत्येक सत्र न्यायालयात हिंसक गुन्ह्यांतील जामिनावरच्या आरोपींची यादी ठेवून महिन्यातून एकदा हजेरीचा उतारा मागवावा आणि अटभंग दिसताच अर्ज द्यावा, अशी आमची सूचना आहे. पीडिताला जामिनाच्या टप्प्यावरही बाजू मांडण्याचा हक्क आहे, हे लखीमपूर खेरी प्रकरणात 2022 मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी त्याच्यापर्यंत पोचवणे हेही सरकार पक्षाचेच काम समजले पाहिजे. पूर्वेतिहासाच्या तक्त्याचा नमुना पुढील अंकात छापत आहोत. त्यात कोणते रकाने हवेत, हे जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी आणि बचावाच्या वकिलांनी या महिनाअखेरपर्यंत कळवावे.